बारा गावचं पाणी प्यालेली बारा गाणी

अमेरिकी जॅझ गायिका कसांड्रा विल्सनचा 'ब्लू लाइट टिल डॉन' हा अल्बम ब्लू नोट या जॅझ लेबलने 1993 साली काढला. त्याच्या पाकिटावरची यादी नुसती वाचली तर वाटतं, कुणीतरी घरातल्या चार-पाच खोक्यांतून हाताला येतील ती गाणी उचलली असावीत. पहिलं गाणं 1941 सालचं, जॅझवाल्यांनी घासून गुळगुळीत केलेलं. दुसरं आणि पाचवं रॉबर्ट जॉन्सनचं, म्हणजे तीसच्या दशकातला मिसिसिपी ब्लूज. चौथं फिलाडेल्फियाच्या स्टायलिस्टिक्स या सोल गटाचं, सहावं कॅनडाची गीतकार-गायिका जोनी मिचेल हिचं, दहावं उत्तर आयर्लंडच्या व्हॅन मॉरिसनचं, शेवटचं मेम्फिसच्या अॅन पीबल्सचं. तीन गाणी गायिकेची स्वतःची आणि एक छोटा तुकडा सिरो बाप्तिस्ता या ब्राझिलियन तालवादकाचा.

ऐकायला बसलं की ही यादी कुठल्या कुठे जाते. साधारण 56 मिनिटं एकच रात्र चालू आहे असं वाटत राहतं.

गायिकांचे 'निवडक वेगवेगळी गाणी' छापाचे अल्बम दरवर्षी येतात. त्यातल्या बहुतेकांत पाचव्या गाण्यापर्यंत आपण खोलीतून उठून दुसऱ्या कामाला लागलेले असतो. गाणी वाईट असतात असं नाही. प्रत्येक गाणं आपापलं सामान घेऊन येतं, दर चार मिनिटांनी घर बदलतं आणि कान दमतात. या एका अल्बमात ते का होत नाही, हे पाहण्यासारखं आहे.

आधीचा हिशेब

विल्सनचा जन्म 1955चा, मिसिसिपी राज्याच्या राजधानीतला, जॅक्सनचा. वडील हर्मन फाउल्क्स गिटार आणि बास वाजवणारे. लहानपणी ती बरीच वर्षं शास्त्रीय पियानो शिकली. मग गिटार हातात आली आणि त्या वयाच्या अनेक मुलींसारखी तीही गिटारवर लोकसंगीताच्या वळणाची गाणी म्हणू लागली. पदवी घेतली ती जनसंवादाची. 1981मध्ये न्यू ऑर्लिन्स आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क. तिथे ब्रुकलिनमध्ये स्टीव्ह कोलमन या सॅक्सोफोनवादकाभोवती जमलेल्या एम-बेस नावाच्या संगीतकार-मंडळींत ती सामील झाली. त्यांचं संगीत तालाच्या अंगाने फार गुंतागुंतीचं. मात्रांचे हिशेब असे की गायकाला श्वास कुठे घ्यायचा हाच प्रश्न पडावा. त्या काळातल्या तिच्या रेकॉर्ड ऐकल्या की आवाज ओळखू येतो, पण तो वाद्यांच्या गर्दीत खांदे चोरून उभा आहे असं वाटतं.

अपवाद एकच, 1988चा 'ब्लू स्काइज'. तिथे सगळी जुनी स्टँडर्ड गाणी, म्हणजे जॅझवाले पिढ्यानपिढ्या गात आलेली, साथीला मलग्रू मिलरचा पियानो, लॉनी प्लॅक्सिकोचा बास आणि टेरी लीन कॅरिंग्टनचे ड्रम्स. अगदी घरंदाज त्रिकूट. लोकांना हा अल्बम फार आवडला. समीक्षकांना आवडला, विकणाऱ्यांनाही आवडला. यशाने वाट आखून दिली होती आणि पुढच्या रेकॉर्डला तिने ती सोडली. दोन वर्षांनी आलेला 'जम्पवर्ल्ड' पुन्हा फंक आणि एम-बेसच्या अंगाचा निघाला.

ती ब्लू नोटकडे आली तेव्हाचा बाजार कसा होता, तेही पाहायला हवं. 1991मध्ये नॅटली कोलने वडिलांच्या काळातली गाणी पुन्हा गाऊन लाखो प्रती खपवल्या होत्या आणि पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमीही घेतलं होतं. अशा वेळी कुठल्याही कंपनीला 'ब्लू स्काइज भाग दुसरा' काढायचा मोह झाला असता. त्यात गैरही काही नव्हतं. जॅझ गायिकेच्या अल्बमला एकसंध करण्याचे जे खात्रीचे उपाय आहेत, त्यांतला हा सगळ्यात जुना: सगळी गाणी एकाच काळातली घ्यायची. एला फिट्झजेराल्डने 1956पासून एकेका गीतकार-संगीतकाराची गाणी घेऊन अल्बमांची मालिका केली, तिथे एकसंधपणा रचनाकाराच्या नावातून आला. बिली हॉलिडेच्या 1958च्या 'लेडी इन सॅटिन'मध्ये तो रे एलिसच्या व्हायोलिनांच्या ताफ्यातून आला. विल्सनच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. एक काळ नाही, एक रचनाकार नाही, ऑर्केस्ट्रा नाही.

पियानो बाहेर

या अल्बमचा निर्माता क्रेग स्ट्रीट हा तिचा शेजारी. रेकॉर्ड करण्याच्या धंद्यात तेव्हा नवखाच. एका नामांकित लेबलवरची पहिली रेकॉर्ड नवख्याच्या हाती देणं हा जुगार होता, आणि ब्लू नोटच्या ब्रूस लंडव्हॉल यांनी तो खेळला. 1939मध्ये स्थापन झालेलं हे लेबल 1985मध्ये पुन्हा उभं करणारे तेच.

माझ्या मते या प्रकरणातला कळीचा निर्णय गाणी निवडण्याचा नाहीच. कळीचा निर्णय हा, की अख्ख्या अल्बमात पियानो नाही. ड्रम्सचा संचही सगळीकडे नाही. बराच भार हाताने वाजवायच्या तालवाद्यांवर आहे. पियानोच्या जागी ब्रँडन रॉसची पोलादी तारांची साधी गिटार, चार्ली बर्नमचं व्हायोलिन, गिब व्हार्टनची पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार), टोनी सेड्रसचा अकॉर्डियन, ओलू दाराचा कॉर्नेट (ट्रम्पेटचा धाकटा भाऊ). प्रत्येक गाण्यात सगळे नाहीत. दोघं-तिघं येतात, वाजवतात, निघून जातात.

पियानो काढल्याने एवढं काय बिघडतं किंवा साधतं? दोन गोष्टी. पहिली सोपी आहे. जॅझचा पियानोवादक कुठल्याही साध्या गाण्याखाली सातवा, नववा, तेरावा सूर मिसळून भरगच्च स्वरसमूह पसरतो. ते सुंदर असतं, पण ते पसरलं की जोनी मिचेलचं गाणं असो की ब्लूज, सगळं रात्रीच्या क्लबातलं वाटायला लागतं. मग ऐकणाऱ्याला दिसतं ते एवढंच, की 'आता या बाई जॅझमध्ये हे गाणं करून दाखवताहेत'. करून दाखवणं आलं की गाणं गेलं.

दुसरी गोष्ट आवाजाची. विल्सनचा गळा बायकांच्या आवाजांतला सगळ्यात खालचा, कॉन्ट्राल्टो. तो आरामात बसतो तो पियानोच्या पट्ट्यांच्या मधल्या आणि त्याखालच्या भागात, म्हणजे वादकाचा डावा हात जिथे सतत कामात असतो नेमका तिथे. दोघं एकाच बाकावर दाटीवाटीने बसल्यासारखे. पियानो उठला आणि आवाजाला पाय पसरायला जागा झाली. गिटारची तार छेडली की नाद लगेच विरायला लागतो. दोन आघातांमध्ये जी फट राहते, तीत तिचा श्वास, ओठ मिटण्याचा आवाज, शब्दाची शेपटी, सगळं ऐकू येतं. शिवाय पेडल स्टील आणि व्हायोलिन सुरावरून सुरावर घसरत जाऊ शकतात, तिच्या गळ्यासारखेच. हार्मोनियमवर मींड येत नाही ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. पियानोचं दुखणं तेच. (अकॉर्डियनलाही मींड येत नाही हे कबूल. पण तो इथे लांबवलेल्या श्वासासारखा मागे राहतो, मधे मधे करत नाही.)

एवढं झाल्यावर गाणी कुठलीही चालणार होती, असं म्हटलं तर ती थोडी अतिशयोक्ती होईल. पण थोडीच.

जवळून: पहिलं आणि शेवटचं

'यू डोन्ट नो व्हॉट लव्ह इज' हे जीन डी पॉल आणि डॉन रे या जोडीचं गाणं. माइल्स डेव्हिसपासून बिली हॉलिडेपर्यंत सगळ्यांनी हाताळलेलं. जॅझ गायिकेने अल्बमची सुरुवात याने करणं म्हणजे गवयाने यमनने मैफल सुरू करण्याइतकं अपेक्षित. पण सुरू होताच कानावर येते ती पोलादी तारांची गिटार आणि बाजूने व्हायोलिन. लय इतकी संथ की पुढचा शब्द येईल की नाही याची शंका यावी. गाणं सहा मिनिटांवर जातं. विल्सन ओळीची सुरुवात ठोक्यावर करत नाही. ठोका पडून जातो, ती थांबते, मग जरा उशिरा वाक्य ठेवते, आणि शेवटचा शब्द खर्जात सोडून देते. तो शब्द गाऊन संपवलेला नसतो, ठेवून दिलेला असतो. यमन आहे, पण ओसरीवर, कंदिलाच्या उजेडात. ज्यांना 'ब्लू स्काइज भाग दुसरा' हवा होता त्यांना इथेच उत्तर मिळतं: गाणं तुमचंच आहे, बसायची जागा तेवढी बदलली आहे.

आता शेवटचं. 'आय कान्ट स्टँड द रेन' हे अॅन पीबल्सचं 1973चं गाणं, मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्सचं, विली मिचेलने निर्माण केलेलं. बाहेर पाऊस कोसळत असताना पीबल्स वैतागून जे बोलली, तीच गाण्याची ओळ झाली. मूळ रेकॉर्डची गंमत तिच्या सुरुवातीच्या थेंबांत आहे. इलेक्ट्रिक टिंबाली या तालवाद्यावर काढलेला तो टपटप आवाज इतका प्रसिद्ध झाला की गाणं म्हटलं की आधी तोच आठवतो. कुणीही पुन्हा गाताना या थेंबांचं करायचं काय, हा पेच असतो. नक्कल केली तर हसं होतं, वगळले तर पोकळी राहते. विल्सनने इथे फक्त क्रिस व्हिटलीची धातूच्या अंगाची गिटार घेतली. दोघंच. थेंब नाहीत, पण तारेवरून सरकणाऱ्या स्लाइडची, म्हणजे बोटात घातलेल्या नळीची, जी खरखर आहे तिच्यात ओल आहे. मेम्फिसचं नाचरं सोल गाणं उचलून तिने सरळ मिसिसिपी डेल्टातल्या ब्लूजच्या ओसरीवर आणून बसवलं.

म्हणजे अल्बम सुरू होतो तोही आवाज आणि तारांवर, संपतो तोही आवाज आणि तारांवर. मधल्या दहा गाण्यांत माणसं वाढतात, कमी होतात.

जॅक्सनचा रस्ता

रॉबर्ट जॉन्सनची दोन गाणी घेण्यात फॅशनचाही भाग असू शकतो. 1990मध्ये त्याच्या सगळ्या रेकॉर्डिंगचा संच सीडीवर आला आणि अर्धशतकापूर्वी मेलेला हा माणूस एकाएकी दहा लाखांवर खपला. त्या काळात जो तो जॉन्सन गाऊ लागला होता, बहुतेक सगळे गिटारवाले पुरुष, आणि बहुतेकांचा सगळा जोर त्याच्या बोटांची नक्कल करण्यात.

विल्सनचा हक्क वेगळा होता. जॉन्सन जन्मला हेझलहर्स्टला, जॅक्सनच्या दक्षिणेला, तिथून फार लांब नाही. 1936मध्ये रेकॉर्ड करायची म्हणून तो गेला तेही जॅक्सनमध्येच, फॅरिश स्ट्रीटवर दुकान चालवणाऱ्या एच. सी. स्पीअरकडे. स्पीअरने त्याचं नाव पुढे कळवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलच्या खोलीत 'कम ऑन इन माय किचन' रेकॉर्ड झालं. 'हेलहाउंड ऑन माय ट्रेल' पुढच्या जूनमध्ये, डॅलसला. म्हणजे या गाण्यांचा रस्ता तिच्या गावातून गेलेला. तिने ती गाताना बोटांच्या करामतीला हातच लावला नाही. 'किचन'मध्ये जॉन्सन बाहेर पाऊस येणार आहे म्हणून एका बाईला आत बोलावतो. तेच बोलावणं बाईच्या खालच्या, बिनघाईच्या आवाजात आलं की आमंत्रणाचा अर्थच पालटतो. आत बोलावणारीचं घर आहे, तिला कसलीच गरज नाही. 'हेलहाउंड'मध्ये ओलू दाराचा कॉर्नेट मागे कण्हत असतो. दाराही मिसिसिपीचाच, नॅचेझचा.

हा धागा लक्षात आला की यादी तितकीशी विस्कळीत वाटत नाही. मेम्फिस मिसिसिपीच्या सीमेलाच टेकलेलं आहे. ट्युपेलो हे मिसिसिपीतलं गाव आहे, एल्विस प्रेस्लीचं जन्मगाव. (आता 'ट्युपेलो हनी' या व्हॅन मॉरिसनच्या 1971च्या गाण्यातला मध त्या गावचा नव्हेच. तो ट्युपेलो नावाच्या झाडाच्या फुलांचा, फ्लोरिडा-जॉर्जियातल्या दलदलींतला. पण उत्तर आयर्लंडच्या माणसाने अमेरिकेच्या दक्षिणेतलं नाव उचलावं, आणि दक्षिणेतल्या काळ्या गायिकेने ते पेडल स्टीलवर घरी परत आणावं, यात मजा आहेच.) तिने स्वतः लिहिलेल्या 'सांकोफा'चं नाव घानामधल्या अकान भाषेतलं: मागे जाऊन घेऊन ये. दोन मिनिटांचा हा तुकडा नुसत्या आवाजाचा, तिच्याच गळ्याचे थर एकावर एक चढवलेला. लगेच नंतर बाप्तिस्ताचा तेवढाच तुकडा. 'ब्लॅक क्रो'च्या धावपळीनंतर कानाला चार मिनिटं मोकळी हवा मिळते, मग नवा अर्धा भाग सुरू होतो. अशी जागा सोडायचं भान फार कमी अल्बमांत असतं.

जोनी मिचेलचं 'ब्लॅक क्रो' तिच्या 1976च्या 'हेजिरा'मधलं. तिथे जाको पास्टोरियसच्या बासने ते गाणं अक्षरशः उडवलेलं आहे. विल्सनने स्पर्धा टाळली. हातातल्या तालवाद्यांचा जाड थर, वर डॉन बायरनचं क्लॅरिनेट. एम-बेसमध्ये कमावलेलं तालाचं शहाणपण इथे कामी येतं, पण आता ते गाण्याच्या मानेवर बसत नाही.

सगळं साधलंय असं मात्र नाही. स्टायलिस्टिक्सचं 'चिल्ड्रन ऑफ द नाइट' मला आजही उपरं वाटतं. ते लिहिणाऱ्या थॉम बेल आणि लिंडा क्रीड यांच्या गाण्यांचा गोडवा त्यांच्या भरजरी वाद्यमेळात असतो. जरीचं काम काढून घेतल्यावर खाली जे कापड उरलं ते या गायिकेला पुरेसं जाड नाही. 'टेल मी यू'ल वेट फॉर मी' हे उलट अगदीच सोयीचं, जुन्या क्लबाची आठवण करून देणारं. त्या जागी विसावा हवाच होता, म्हणून खटकत नाही.

पैशांची बाजू

परक्यांची गाणी घेणं अमेरिकेत कायद्याने सोपं आहे. एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की नंतर कुणीही ते गाऊ शकतो. परवानगी मागावी लागत नाही, ठरलेला दर द्यावा लागतो. 1993मध्ये तो एका गाण्याला एका प्रतीमागे 6.25 सेंट होता. पाच मिनिटांवरच्या गाण्यांना मिनिटाला 1.2 सेंट. या अल्बमात गायिकेची स्वतःची नसलेली गाणी नऊ. पूर्ण दर धरला तर प्रत्येक सीडीमागे अर्ध्या डॉलरहून जास्त रक्कम गीतकारांकडे जाणार, आणि संथ लयीमुळे गाणी लांबली की आकडा आणखी चढणार. गायिकेने सगळी गाणी स्वतः लिहिली असती तर ते पैसे तिच्याच घरात राहिले असते. एरवी कंपन्या कलावंताच्या करारात त्याच्या स्वतःच्या गाण्यांना बहुधा पाऊण दरच लावतात. तेव्हा असा अल्बम करणं हा दोघांनाही थोडा महागातला शौक.

त्याच कायद्यात एक अट आहे: गाणं आपल्या शैलीत बसवा, पण मूळ चाल आणि स्वभाव बदलू नका. जॅझवाल्यांनी ही अट शब्दशः पाळली असती तर जॅझच उरलं नसतं.

पुढे काय झालं

हे जॅझ आहे का, असा प्रश्न या अल्बमबद्दल विचारता येतो. स्विंगची झोकदार लय नाही, लांबलचक सोलो नाहीत, पियानो नाही. माझं उत्तर तिच्या उशिरा येणाऱ्या ओळींत आहे. ठोक्याच्या किती मागे राहायचं हे ती दर ओळीला नव्याने ठरवते, आणि वादक तिच्याकडे कान लावून बसलेले ऐकू येतात. एवढं माझ्यापुरतं पुरे आहे.

स्ट्रीटसोबतच केलेल्या पुढच्या 'न्यू मून डॉटर'मध्ये यादी आणखी धाडसी झाली: सन हाउसचा ब्लूज, हँक विल्यम्सचं कंट्री, यू-टू आणि नील यंगचं रॉक, आणि चक्क मंकीज या टीव्हीवरच्या पॉप गटाचं गाणं. साथ तीच, बैठक तीच. 1997मध्ये त्याला जॅझ गायनाचं ग्रॅमी मिळालं. 2002च्या 'बेली ऑफ द सन'साठी ती खरोखरच मिसिसिपीत गेली आणि क्लार्क्सडेलच्या जुन्या रेल्वे स्टेशनात रेकॉर्डिंग केलं.

या रीतीची दुसरी परीक्षा अनपेक्षित जागी झाली. 2001मध्ये लंडव्हॉल यांनी नोरा जोन्स या नव्या मुलीला क्रेग स्ट्रीटच्या हाती सोपवलं. लेबल तेच, निर्माता तोच, गाणी इकडची-तिकडची, न्यूयॉर्क राज्यातला एकांतातला स्टुडिओ, गिटारवर बिल फ्रिझेल. झालेलं काम लंडव्हॉल यांना पटलं नाही. सुरुवातीच्या साध्या चाचणी-रेकॉर्डिंगपासून ती फार लांब गेली असं त्यांना वाटलं. आरिफ मार्दिन या अनुभवी निर्मात्याला बोलावून बहुतेक अल्बम नव्याने केला गेला, स्ट्रीटच्या कामातली तीन गाणी राखली, आणि 'कम अवे विथ मी' नावाचा तो अल्बम पुढे जगभर गाजला. माझा अंदाज असा की अडचण कौशल्याची नव्हती. विल्सनला ज्या पियानोपासून मोकळं करायचं होतं, तो नोरा जोन्सच्या गाण्याच्या मधोमध आहे आणि ती स्वतःच तो वाजवते. तिच्या आवाजाभोवती वातावरण उभं करण्यापेक्षा तिच्या दोन हातांना जागा देणं जास्त गरजेचं होतं.

बाजूला ठेवलेलं ते स्ट्रीटचं रेकॉर्डिंग 2022मध्ये, अल्बमला 20 वर्षं झाली तेव्हा, प्रसिद्ध झालं. दोन्ही लागोपाठ लावून ऐकता येतात. मी आधी स्ट्रीटचं लावतो.